गोडाच्या रकान्यात खांडवी

सोसायटीत, भिशीत किंवा मित्रमंडळींत प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असं ठरलं की ग्रुपवर यादी फिरू लागते, आणि त्या यादीत सगळ्यात आधी भरतो तो पापड-लोणच्याचा रकाना. त्यामागोमाग पाण्याच्या बाटल्या, कागदी डिश आणि ‘दही माझ्याकडे’ असं जाहीर करणारे पुरुष. पुलाव, छोले, पनीर दुपारपर्यंत मार्गी लागतात. ‘गोड’ मात्र एकटं उरतं आणि ज्याने मेसेज सर्वांत उशिरा पाहिला त्याच्या गळ्यात पडतं. उशिराची भरपाई म्हणून तो बिचारा आपल्याला येणारं सर्वांत अवघड गोड करायला घेतो आणि तिथेच फसतो. माझं म्हणणं असं, की पॉटलकला उत्तम गोड नेऊच नये. उत्तम गोड घरी करावं, घरीच वाढावं आणि पाहुण्याला आग्रह करून करून नको जीव करावा. पॉटलकला न्यावं ते प्रवासात टिकणारं, हवं तितकं लहान कापता येणारं आणि उरलंच तर करणाऱ्याचं तोंड न उतरवणारं. या कसोट्या मनापासून लावल्या तर उरणजवळच्या जासईसारख्या गावात एकच नाव शिल्लक राहतं, ते खांडवीचं. तांदळाची जाडसर कणी, गूळ आणि नारळ यांची वडी, बस. गुजराती खांडवीशी तिचं नातं नाही; ती बेसनाची, आपण तिला सुरळीची वडी म्हणतो. म्हणून यादीत ‘गोड : खांडवी’ असं ठळक लिहावं, नाहीतर कोणीतरी सोबत हिरवी चटणी घेऊन येतं.

आता जासईच का? कारण प्रवासाची कसोटी इथल्याइतकी कडक फार थोड्या ठिकाणी लागते. 1989 साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, आणि तेव्हापासून उरण-पनवेल पट्ट्यातला रस्ता प्रामुख्याने कंटेनरचा आहे. माणसं त्यावरून परवानगी घेतल्यासारखी जातात. गव्हाण फाटा ते दास्तान फाटा किती लांब, याचं उत्तर इथे कोणी किलोमीटरमध्ये देत नाही, ‘ट्रेलर नसले तर’ अशी सुरुवात करून देतो. पुढचा ट्रेलर ब्रेक मारतो, मागची रिक्षा ब्रेक मारते, आणि रिक्षात मांडीवर घेतलेली बासुंदी मात्र ब्रेक मारत नाही. गुलाबजामचा पाक झाकणाच्या फटीतून पिशवीत, पिशवीतून साडीवर आणि साडीवरून त्या संध्याकाळच्या संभाषणात उतरतो. फ्रूट कस्टर्डमधलं सफरचंद पोहोचेपर्यंत काळवंडलेलं असतं. श्रीखंडाला मे महिन्यात पाणी सुटतं. उकडीच्या मोदकांना झाकणावरची वाफ लागली की अकरा जणांचं मिळून एक मोठं कुटुंब होतं. अटल सेतूने यातलं काहीच सुटत नाही. 12 जानेवारी 2024 रोजी त्या 21.8 किलोमीटरच्या पुलाचं उद्घाटन झालं, त्याची एक वाट थेट जासईत उतरते. पण त्यावर दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे, आणि मोटारीने गेलात तर एका खेपेचा टोल 250 रुपये. खांडवीच्या अख्ख्या थाळीचा तांदूळ, गूळ, नारळ आणि तूप त्या टोलच्या आत बसून वर सुटे पैसे परत येतात. त्याच दिवशी खारकोपर-उरण लोकलही सुरू झाली आणि गर्दीच्या वेळी डबा उभा, आडवा किंवा कोणाच्या तरी खांद्यावर अशा कोणत्याही अवस्थेत न्यायची सोय झाली. खांडवीला या तिन्ही अवस्था चालतात. थापून, निववून, कापून भरलेल्या वड्या डबा उलटा झाला तरी वड्याच राहतात. फार तर वरचं खोबरं खालच्या वडीवर जातं, आणि खालच्या वडीची त्याला हरकत नसते.

दुसरी कसोटी जेवणाच्या शेवटच्या अर्ध्या तासाची. घरच्या पंगतीत गोड पानात आधी वाढतात, म्हणजे माणूस भुकेला असतानाच त्याची गोडाशी नजरानजर होते. पॉटलकमध्ये उलट. अकरा प्रकारच्या भाज्या, तीन प्रकारचे भात आणि पनीरचे दोन अवतार पोटात गेल्यावर, हातात एक डिश, दुसऱ्या हातात मोबाइल, अशा उभ्या अवस्थेत गोड समोर येतं. अशा वेळी मराठी माणूस एकच वाक्य बोलतो : ‘अर्धाच दे.’ मधुमेह असो, डाएट असो की नुसताच सभ्यपणा, ‘अर्धाच’ हे आपलं सार्वजनिक गोड खाण्याचं एकक आहे. गुलाबजाम अर्धा करून पाहा. चमच्याखालून सटकतो, समोरच्याच्या चपलेजवळ थांबतो आणि अर्ध्या खोलीची सभ्यता पणाला लागते. खीर अर्धी म्हणजे किती, यावर एकमत होत नाही. खांडवी मात्र मुळात कापण्यासाठीच जन्माला आलेली. तिची अर्धी होते, पाव होते, आणि ‘चवीपुरती’ या नावाने मिळते तेवढी चिमटीतही होते. शिवाय शेवटच्या वडीचा प्रश्न. कोणत्याही समाजात शेवटची वडी उचलायला कोणी धजावत नाही. पहिला येतो, तिची अर्धी करतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी करतो. खांडवी हा व्यवहार शांतपणे सहन करते आणि प्रत्येक टप्प्यावर कापल्यासारखी स्वच्छ दिसते. केकचं असं होत नाही. दोनतीन सभ्य माणसांनंतर त्याचा अपघात झालेला दिसतो.

आता ती करायची कशी, यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण साधेपणाचा खरा पुरावा कढईत आहे. तांदूळ धुऊन, पंचावर पसरून सावलीत वाळवायचा आणि मिक्सरमध्ये रव्याइतका जाडसर काढायचा. भात गिरणीतून स्वस्तात मिळणारी कणीही चालते, किंबहुना जास्त चालते. उरण-पनवेलच्या खारपट्ट्यात एकेकाळी समुद्राचं खारं पाणी सोसणारे काळा राता, भुरा राता असे लाल तांदूळ पिकत; पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी ‘पनवेल’ नावाच्याच जाती काढल्या. लाल कणी हाती लागली तर खांडवीला जो विटकरी रंग येतो तो केशर घालून येत नाही. एक वाटी कणी दोन चमचे तुपावर मंद आचेवर परतायची. सुरुवातीला उलथन्याला ती जड लागते, मग सुटी होते, सळसळू लागते, आणि वास बदलतो तिथे थांबायचं. रंग बदलायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. दुसऱ्या भांड्यात दोन वाट्या पाणी, वाटीभर चिरलेला गूळ, किसलेलं आलं, वेलची, थोडं खोबरं आणि चिमूटभर मीठ. उरणची मिठागरं शेजारी असताना मीठ विसरणं हा निव्वळ कृतघ्नपणा, पण अर्ध्या खांडव्या त्याच एका चिमटीअभावी मिळमिळीत होतात. पाणी उकळलं की कणीवर ओतायचं, झाकण ठेवायचं, वाफ आणायची. नव्या तांदळाची कणी चिकट होते, तिला पाणी थोडं कमी लागतं. तूप लावलेल्या थाळीत थापून वर खोबरं पसरायचं, निवू द्यायचं आणि सुरी पाण्यात बुडवून शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या. थाळी गोल, वड्या तिरप्या, त्यामुळे कडेला त्रिकोणी तुकडे उरतातच. ते डब्यात जात नाहीत. ती करणाऱ्याची मजुरी. मोजायला गेलं तर ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास भरावेत, निदान जासईत तरी तसं म्हणायला हरकत नसावी. ज्यांची सगळी थाळी गेली त्यांना कडेचा तुकडा परत मिळावा म्हणून या गावाने केवढी किंमत मोजली आहे. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील याच जासईचे. 1984 च्या जानेवारीत त्यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिथे थट्टा थांबते. खांडवीचा कडेचा तुकडा मात्र अर्ज न करता, त्याच दिवशी मिळतो, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिली तक्रार, ती दिसायला गरीब आहे. आहे खरी. मातकट रंग, वर पांढरं खोबरं, ना चांदीचा वर्ख ना पिस्त्याचे काप. रसमलाईच्या शेजारी ठेवली की ती तिच्याकडे कामाला असल्यासारखी दिसते. पण पॉटलकमध्ये दिसण्याचा फायदा पहिल्या पाच मिनिटांपुरता, फोटो काढेपर्यंत. त्यानंतर रसमलाईच्या भांड्यात तरंगतात ते इतरांचे चमचे. दुसरी तक्रार मधुमेहवाल्यांची, आणि ती गुळाचं कौतुक सांगून उडवून लावण्यात अर्थ नाही. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. ‘गुळाने काही होत नाही’ हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा तिसरी वडी असते. खांडवीच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की तिच्यात नको म्हणण्याचीही सोय आहे. पाव वडी घेतली तर ती पाव वडीच राहते, वाटीच्या तळाशी अर्धी वाटी पाक शिल्लक राहून हाका मारत नाही. तिसरी तक्रार ओल्या खोबऱ्याची. नवी मुंबईच्या दमट हवेत ते दुसऱ्या दिवशी दगा देतं, हे मान्य. पण पॉटलकचा पदार्थ दुसऱ्या दिवसासाठी करतात का? सकाळी करावा, दुपारी संपवावा. उरलं ते फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशीही छान लागणारं गोड आणलं, की ते दुसऱ्या दिवशी आपल्याच घरी असतं. मुलं खात नाहीत, ही तक्रार सर्वांत प्रामाणिक आहे. मुलांना चॉकलेट हवं असतं. त्यांना ते द्यावं आणि त्यांच्या वाट्याच्या वड्या मोठ्यांत वाटाव्यात. यात कोणावर अन्याय होतो ते मला कळलेलं नाही. राहिला विकत आणायचा पर्याय. दुकानाच्या खोक्यावर दुकानाचं नाव असतं, पाहुणे त्यावरून किलोचा भाव काढतात आणि भावावरून तुमचा. खांडवीचा भाव कोणालाच माहीत नसतो, तीही तिची एक बाजू.

खरी मोठी हरकत मात्र पदार्थावर नाही, पॉटलकवरच आहे, आणि जासईत ती ठणकावून घेतली जाईल : ‘जेवाला बोलवाचं नी डबा पन आमीच आनाचा?’ ज्या गावात हळदीच्या रात्री ओळखीचा, अर्धा ओळखीचा आणि वाट चुकलेला अशा तिघांनाही पोटभर जेवू घालतात, तिथे पाहुण्याला पदार्थ आणायला सांगणं म्हणजे यजमानाने हात वर करणं. या हरकतीशी मी अर्धा सहमत आहे. पण हळदीचं जेवण हे यजमानाचं जेवण असतं आणि पॉटलकला यजमान नसतोच, नुसती जागा देणारा असतो. असा प्रकार आपल्याला परकाही नाही. गोपाळकाल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवतात. शाळेत डबे उघडून अंगतपंगत बसते. रायगडातली पोपटी तर त्याच जातीची. हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की कोणी शेंगा आणतो, कोणी अंडी, कोणी कोंबडी, कोणी भांबुर्डीचा पाला. मडकं भरून, उपडं घालून, भोवती जाळ केला की पाण्याचा थेंब न घालता सगळं शिजतं, आणि कोणी कोणाचा पाहुणा नसतो. गंमत अशी की या तिन्ही ठिकाणी गोडाचा रकाना रिकामाच दिसतो. काल्यात दही, पोहे, लोणचं. पोपटीत शेंगा नि अंडी. पोपटीच्या दिवसांत तर घरात नवा तांदूळ आलेला असतो, बाजारात नवा गूळ असतो, नारळ काय बाराही महिने. जाळाभोवती गारठ्यात बसलेल्यांना फ्रीजमधून आलेली रसमलाई देण्यात शहाणपण नाही. खांडवी न तापवता चालते, न गार करता चालते आणि राखेचे हात न धुताही उचलता येते.

राहता राहिला डबा. खीर ज्या पातेल्यातून जाते ते पातेलं परत यायला महिना लागतो, आणि येतं तेव्हा त्याचं झाकण दुसऱ्याच कोणाचं असतं. खांडवीला नाव घातलेला जुना स्टीलचा डबा पुरतो, तोच ज्याच्या बुडाशी लग्नातल्या आहेराची तारीख कोरलेली असते. असा डबा हरवत नाही, कारण तो कोणाच्या स्वयंपाकघरात सापडला की त्या घराची अब्रू जाते. आणि परत येताना तो रिकामा येत नाही. कोणीतरी चार चकल्या घालतंच. तेव्हा पुढच्या वेळी यादी फिरली की पापड लिहिण्याची घाई करू नका. ‘गोड’पुढे आपलं नाव घाला, आदल्या संध्याकाळी वाटीभर तांदूळ धुऊन पंचावर पसरा, आणि मीठ विसरू नका.