तीन फुटांचा समुद्र

खाऱ्या पाण्यातलं प्रवाळांचं मत्स्यालय घरात आणायचं ठरलं, तेव्हा मी मुलाच्या जुन्या वहीत मांडलेलं अंदाजपत्रक आमच्या हिने फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. आलागेला वाचतो. काचेची टाकी, दिवे, मीठ, मासे, प्रवाळ आणि शेवटी 'किरकोळ'. एकूण 15 हजार रुपये. त्यातली टाकी तेवढी अंदाजात बसली. बाकी सगळं 'किरकोळ'मध्ये गेलं.

दादरला राहणाऱ्या माणसाने समुद्र विकत का घ्यावा, हा आईचा प्रश्न रास्त होता. पण आपल्या चौपाटीच्या पाण्याला काय काय येऊन मिळतं ते आपण जाणतोच, तेव्हा समुद्र घरीच कालवायचा: लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, तेही खास मत्स्यालयाचं, कारण प्रवाळाला लागणारं कॅल्शियम नि मॅग्नेशियम आमटीच्या मिठात नसतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे 190 लिटर, म्हणजे पहिल्याच भरणीला साडेसहा किलो. पुन्हा ते कालवायला नळाचं पाणी चालत नाही म्हणून वेगळं आरओ यंत्र, त्याच्या पुढे आणखी एक गाळणी. आम्ही घरात अजून नळालाच फडकं बांधतो.

मग मे महिना आला. या मंडळींना पाणी लागतं 25-26 अंशांचं. चिलरची किंमत ऐकून मी टाकीवर टेबलफॅन लावला, तर पाणी थोडं निवलं, पण भराभर उडायला लागलं, आणि जेवढं उडेल तेवढी भर मी इमानेइतबारे खाऱ्या पाण्याने घालत राहिलो. पाणी उडतं, मीठ जागच्या जागी राहतं, हे मुलगा सहावीत शिकला होता. खारटपणा मोजायचं उपकरण त्यानंतर आलं, चिलर त्याच्या पाठोपाठ. तो आमच्या फ्रिजपेक्षा महाग आहे आणि पाण्यातली सगळी उष्णता काढून हॉलमध्ये सोडतो, त्यामुळे टाकीत महाबळेश्वर आणि सोफ्यावर आम्ही चौघं वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले.

टाकीत, बरं का, अजून एकही मासा नव्हता. आधी जिवाणू वाढवावे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना सहज जातो. अमोनिया कुठून आणायचा? तर कच्ची कोळंबी पाण्यात टाकून कुजू द्यायची. चांगली टपोरी कोळंबी, भावात घासाघीस करून आणलेली, मी हिच्या देखत टाकीत सोडली, तेव्हा ती काही बोलली नाही. हातातलं आलं-लसणीचं वाटण मात्र तिने शांतपणे झाकून ठेवलं. पुढे वास जिन्यात पोचला आणि समोरच्या शाकाहारी काकूंनी विचारलं, "घरी सगळे ठीक ना?" येणाऱ्या-जाणाऱ्याला मी अभिमानाने रिकामी टाकी दाखवायचो. "दिसत नाहीत, पण आहेत," असं म्हटलं की पाहुणे चहा न घेताच उठत.

अखेर दोन क्लाउनफिश आले. राहिलं प्रवाळ. पैसे संपले होते, म्हणून मालवणच्या मावसभावाला फोन केला, "येताना दोन फांद्या घेऊन ये रे." पलीकडे बराच वेळ शांतता. "भाऊ, वन्यजीव कायदा ऐकलास कधी? 1972 चा?" आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं 2001 पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. समुद्रघोडेही. मी समुद्रघोड्यांचं विचारणारच होतो.

तेव्हा 'प्रवाळ' या रकान्यासमोर हिने लाल पेनाने मोठ्ठं शून्य काढलंय. अख्ख्या अंदाजपत्रकात बचत झालेली ती एकच बाब. मासे मजेत आहेत, रेझिनच्या झुडपाभोवती फिरतात. आणि कोणी विचारलंच, "ते प्रवाळ कुठाय हो?" तर ही सासऱ्यांच्या मंगळाच्या अंगठीकडे बोट दाखवते.