तेरचं कापड आणि तेरचा पीएच.डी.

पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की तगरचं, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या तेरचं, कापड गाड्यांतून भडोचला जाई. तिथून समुद्रापार. कापडाचं बरं होतं, त्याला शिफारसपत्रं लागत नव्हती. आता अमेरिकी विद्यापीठाला तेरचा पीएच.डी.वाला इथून न्यायचा असेल, तर सप्टेंबर २०२५पासून नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जामागे १ लाख डॉलर! एवढ्या पैशात कुठल्याही विभागप्रमुखाला स्थानिक गुणवत्ता दिसू लागेल. जो आधीच पोचलाय तो वर्षावर्षाच्या करारावर पोस्टडॉक. गावात मात्र ‘अमेरिकेतले प्रोफेसर’ म्हणून त्याचा फ्लेक्स. परत यावं, तर इथे तासिका तत्त्व. मामा दर दिवाळीला फोनवर विचारतात, ‘‘पर्मनंट झालास का रे?’’ मागून मामी, ‘‘आधी पगार विचारा की!’’