आसनशास्त्री

ज्याची नेमणूक कोणत्याही सरकारने केलेली नाही, ज्याला दमडीचा मुशाहिरा मिळत नाही, आणि तरीही ज्याचा हुकूम डावलण्याची छाती सहसा कोणाला होत नाही, असा एक गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. येवल्यात विंचूर चौफुलीच्या अलीकडे एका सायकलदुरुस्तीच्या दुकानापुढील बाकावर नित्यनेमाने विराजमान होणारे, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आमचे आसनशास्त्री हे त्याच वर्गातले. हद्दीच्या वादातील भाऊबंदांच्या कैफियती लिहून घेण्यात हयात गेल्यामुळे, सायकलची सीट हाही त्यांना मोजणीचाच मामला वाटतो, आणि म्हणून त्यांच्या खिशात गवंड्याचा ओळंबा असतो.

दिवसभर पैठणीच्या मागावर, खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबणारा एखादा विणकर गुडघे चोळीत आला, की पंचनाम्यास आरंभ होतो.

“पायडल पार खाली घ्या. त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ होतोय का? नाही ना? मग सीट एक बोट वर.”

“पण काका, वर घेतली तर पाय टेकत नाही.”

“सीट पाय मारायला असते, टेकायला नव्हे!”

शास्त्र म्हणून यात तिळमात्र चूक नाही. टाचेने पाय सरळ होत असेल तर चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात जेवढा बाक हवा तेवढाच राहतो. सीट खाली असली तर गुडघा पुढून दुखतो, फार वर गेली तर कंबर दोन्हीकडे हेलकावते. सीटचे नाक वर झाले तर ज्या अवयवाचा उल्लेख शास्त्रीबुवा भर चौकात करीत नाहीत तो बधिर होतो, आणि खाली झाले तर स्वार पुढे घसरून सारा भार मनगटांवर घेतो. पायडल पुढे आडवे धरून गुडघ्यापासून ओळंबा सोडला असता तो पायडलच्या आसावर यावा, हे सिद्ध होईपर्यंत मागचे गिऱ्हाईक तिष्ठत राहते. तशात, घोड्यांचे साज करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सने सायकलच्या चामडी सीटचे पेटंट 1882 साली घेतले, हे त्यांनी ऐकवले नाही असा दिवस क्वचितच उगवतो.

अडचण शास्त्राची नसून कुटुंबाची आहे. सायकल एक आणि स्वार तीन: सकाळी बाप, दुपारी लेक, सुट्टीत आडव्या नळीखालून पाय घालणारा भाचा. बापाने वर घेतलेली सीट लेक खाली करतो, संध्याकाळी बाप ती पुन्हा वर घेतो, आणि या ओढाताणीत बिचाऱ्या नटाचे आटे झिजतात. यावर शास्त्रीबुवांनी सीटच्या दांडीवर प्रत्येकाच्या नावे रंगाची रेघ मारण्याची तजवीज सुचविली; ती अमलात आणणारे घर अद्याप माझ्या पाहण्यात नाही. मिस्त्री मात्र या बेबनावावर खूश असतो, कारण नट त्याच्याच दुकानातून जातात.

स्वतः शास्त्रीबुवांची सीट निर्दोष आहे, आणि त्याचे परिणामही ते निमूटपणे भोगतात. मूर्ती ठेंगणी, सायकल चोवीस इंची, शिवाय पुढे टांग टाकून उतरण्याचे वय उलटलेले. त्यामुळे उंच ओटा किंवा फरसबंदीची कड असल्याखेरीज त्यांना थांबता येत नाही. गावात त्यांचा घरोबा कोणाशी आहे हे ओट्यांच्या उंचीवरून ओळखावे. सख्ख्या मेहुण्याने ओटा पाडून उतरण केली, तेव्हापासून त्या घरी त्यांचे जाणे खुंटले, आणि गावाने त्याचा अर्थ इस्टेटीचा तंटा असा लावला.

त्यांचे बाकीचे सारे डावलले तरी हरकत नाही, पण एक ऐका: सीट कितीही वर घ्या, दांडी दोन-अडीच इंच तरी नळीच्या आत राहू द्या, आणि दांडीवर खूण असेल तर ती बाहेर दिसू देऊ नका. नाहीतर दांडी वाकते किंवा नळी फाटते, आणि मग मिस्त्रीकडे नव्हे, हाडवैद्याकडे जावे लागते.