हजार वॉट, दहा बाय दहा

सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीसाठी स्पीकर घेणारा विद्यार्थी आधी खोक्यावरचा ‘पीएमपीओ’चा आकडा वाचतो. या आकड्याला कसलंच सर्वमान्य प्रमाण नाही, म्हणून तो खुशाल हजारांत जातो. सलग किती ताकद मिळेल हे सांगणारा आरएमएसचा आकडा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, अंग चोरून बसलेला असतो. त्यातही वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. साधा बुकशेल्फ स्पीकर एका वॉटवर, मीटरभर अंतरावरून, साधारण ८५ डेसिबल देतो. घरमालकीणबाईंना जिना चढायला लावण्यासाठी तेवढे पुरतात. ‘पण बेस हवा ना!’ हवाच. चार इंची वूफर फार खोल उतरत नाही, हे मान्य. मात्र तो भिंतीजवळ सरकवला की खर्जाला फुकटात जोर येतो. कोपऱ्यात कोंबला तर नुसती घुमघुम. राहिला ट्वीटर. तो कानाच्या उंचीला हवा, आणि त्यासाठी महागडे स्टँड लागत नाहीत. स्पर्धा परीक्षेचे न उघडलेले ठोकळे दोन्हीकडे सारखे रचले की भागतं. तेव्हा वीस-तीस आरएमएस वॉटची जोडी घ्या आणि वाचलेल्या पैशांत मेसचं थकलेलं बिल भरून टाका.