रिपीटभाऊ

गोंदियात राईस मिली किती, यावर जयस्तंभ चौकातल्या कोणत्याही पानठेल्यावर वाद लावून देता येतो. दर मिलीमागे एक रिपीटभाऊ मात्र बिनधास्त धरून चाला. तो मिलीतच सापडेल असं नाही. तो पतसंस्थेत रोखपाल असतो, शाळेत बाबू असतो, तिरोड्याला किराणा चालवतो, अर्जुनी मोरगावकडे धान लावतो. मी ज्या नमुन्यावरून लिहितो आहे तो मिलीतला मुनीम. वय पन्नाशीच्या पुढे, कानावर पेन, गालात खर्रा आणि हातात उजवा कोपरा तडकलेला मोबाइल.

या मोबाइलवर जगातलं सगळं दिसतं आणि रिपीटभाऊ त्यातलं काहीच पाहत नाही. त्याचे मोजके व्हिडिओ ठरलेले आहेत. मन बिघडलं की त्यातला एक लावायचा, मन ठिकाणावर आलं की मोबाइल खिशात. नवीन काही पाहत जा म्हटलं तर तो आपल्याकडे दयेनं बघतो.

"नवीन पाहून का करू गा? ते चांगलं निघते का खराब, तोच घोर. हे पायलेलं हाय."

धानाच्या हंगामात त्याला पाहावं. फाटकाशी ट्रकांची रांग, बारदाना कमी पडलेला, ओलावा 17 टक्क्यांच्या वर दाखवतो म्हणून यंत्राशीच भांडणारा एक माणूस, आणि फोनवर मालक. अशा वेळी भाऊ एक बोट वर करतो, म्हणजे सर्वांनी थांबायचं, आणि 'अशी ही बनवाबनवी'तलं पार्वतीचं डोहाळजेवण लावतो. सिनेमा 1988 चा. तेव्हापासून त्याने तो किती वेळा पाहिला हे विचारणं म्हणजे आजीला हरिपाठ किती वेळा म्हटला हे विचारण्यासारखं. लक्ष्मीकांत बेर्डे तोंड उघडायच्या आत भाऊचं हसू सुरू होतं. खरा विनोद येतो तेव्हा भाऊ श्वास घेत असतो. शेजारी बसलेल्याला वाटतं, या माणसाला विनोद कळत नाही. त्याला विनोद कळून छत्तीस-सदतीस वर्षं झालीत, एवढंच.

पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याने एकदा माहिती पुरवली की या कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या 'बीवी और मकान'मध्ये आहे.

"असन," भाऊ म्हणाला.

"दाखवू का, काका?"

"नोको. नवीन हाय तो."

क्रिकेटमध्ये तर त्याची कला कळसाला पोहोचते. 2 एप्रिल 2011 चा वानखेडेवरचा अंतिम सामना तो महिन्यातून एकदा तरी खेळवतो. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर पायचीत झाला, सचिन 18 धावांवर गेला, हे नोंदवहीत असेल. भाऊच्या मोबाइलात नाही. त्याचा सामना सुरू होतो तेव्हा गंभीर जमलेला असतो. गंभीर 97 वर आला की भाऊचा अंगठा काचेवर अलगद पुढे सरकतो, आणि परेराचा तो चेंडू टाकलाच जात नाही. या हिशेबाने गंभीर अजून नाबाद आहे, जरा आत पाणी प्यायला गेला आहे. संपादन म्हणतात ते हेच. मासिकांच्या कचेऱ्यांतही इतकी नेमकी कात्री मी पाहिली नाही. मग धोनी. कुलसेकराला मारलेला तो षटकार हवेत असतो तेव्हा भाऊ खुर्चीच्या टोकावर येतो. 10 चेंडू शिल्लक असताना जिंकलो, हे पाठ असूनही त्याच्या कपाळावर घाम दिसतो. "टेन्शन हाय गा," तो पुटपुटतो. आणि हे ढोंग नाही. निकाल माहीत असलेलं टेन्शन घ्यायची मजा काही वेगळीच असावी. आपल्याला बाकी सगळी टेन्शनं निकालाविनाच मिळतात.

त्याची खरी दुश्मन जाहिरात. ती लांब असते म्हणून नाही, दर वेळी वेगळी असते म्हणून. मच्छर पळवणाऱ्या कुठल्याशा औषधाची एक जाहिरात मध्यंतरी महिनोन्महिने तीच येत राहिली, तर ती त्याला आवडायला लागली. त्यातल्या बाळाची तो वाट पाहायचा. ती बंद झाली तेव्हा दोन दिवस हळहळला.

संग्रहात त्याची स्वतःची निर्मितीही एक आहे. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियातच यावं लागतं, फार तर शेजारी भंडाऱ्यात एखादी जोडी. परसवाड्याकडे एका बांधीत अशी जोडी नाचत असताना भाऊने मोबाइल काढला. चित्रफितीत अर्ध्या जागेत भाऊचा अंगठा आहे. उरलेल्या अर्ध्यात दोन राखाडी पक्षी लाल माना वाकवतात, पंख उघडतात, धानाच्या धुऱ्यावर उड्या मारतात, आणि मागून मित्राचा आवाज येतो, "हालू नोको गा, हालू नोको." मालकाने चारचौघांत झापलं की हा व्हिडिओ. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस जगात सर्वांत उंच, हे त्याने कुठेतरी ऐकून ठेवलं आहे. झाप खाऊन आला की तो व्हिडिओ लावतो आणि हलक्या आवाजात सांगतो, "आमच्या शेठपेक्षा उंच हाय."

इथवर ठीक. पण रिपीटभाऊ स्वतःपुरता थांबत नाही, तो वैद्यकी करतो. समोरचा उदास दिसला की कारण विचारत नाही, थेट औषध काढतो. पोलीस भरतीच्या धावण्यात मागे पडलेल्या पोट्ट्याला धोनी. मुलगी सासरी गेल्यावर घर खायला उठलेल्या बापाला डोहाळजेवण, ज्याचा परिणाम मी पाहिला आहे आणि तो चांगला नव्हता. एकदा कापून ठेवलेल्या धानावर अवकाळी पाऊस पडलेला एक शेतकरी मिलीत येऊन बसला. भाऊने मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"धान सडून राह्यलं भाऊ, अन् तू पिक्चर दाखवून राह्यला?"

"पाय त खरं."

तो जबडा आवळून पाहत राहिला. बेर्डे साडीत लाजायला लागला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तसंच तोंड फिरवलेलं ठेवून म्हणाला, "आवाज वाढव ना गा." नुकसानभरपाईचे कागद नंतर भाऊनेच भरून दिले, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचक त्याला नुसताच मोबाइलवाला समजतील.

ही खोड मोबाइलने लावली असं म्हणणारे लोक झाडीपट्टीत राहिलेले नाहीत. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डाटा स्वस्त झाला, एवढंच. त्याआधी भाऊ मोबाइलच्या दुकानात 'कार्ड भरून' घ्यायचा. दुकानदार नवीन गाणी टाकू का विचारायचा आणि भाऊ मागचीच भर म्हणायचा. त्याआधी सीडी होती. आणि या सगळ्याच्या किती तरी आधीपासून मंडई होती. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक. वडशाची कंपनी येते, रात्री पडदा उघडतो आणि उजाडायच्या सुमाराला पडतो. गोष्ट काय असणार हे थंडीत शेला गुंडाळून बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. सज्जन भाऊ, कपटी सावकार, घराबाहेर काढलेली माय. तरी माय उंबरठ्यावर आली की मंडपात नाकं ओढल्याचा आवाज सुरू होतो. परशुराम खुणे यांनी झाडीपट्टीत पाच हजारांवर प्रयोग केले, आणि 2023 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बातमी ऐकून भाऊ म्हणाला, "आमाले त आधीच माहीत होतं." कशालाही नवीन म्हणायची त्याची तयारी नसते.

इथे एक गंमत आहे. क्रिकेटमधलं वाईट ते सगळं अंगठ्याने पुढे ढकलणारा हा माणूस नाटकातल्या रडण्याला हात लावत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांचे व्हिडिओ आता मोबाइलवर भरपूर आहेत. त्यातल्या एकात माय घर सोडते तो प्रवेश तो मागे नेऊन पुन्हा पाहतो, गमछ्याने डोळे पुसतो आणि ताजातवाना होऊन रोकड जुळवायला बसतो. मन हलकं करणारे व्हिडिओ म्हणजे हसवणारेच, ही शहरी समजूत आहे. आमच्याकडे मोकळं रडल्यावर भूक चांगली लागते.

याबाबतीत वहिनी त्याच्या गुरू शोभतील. त्यांचा व्हिडिओ एकच, त्यांच्या लग्नाचा. आधी कॅसेट होती, मग तिची सीडी केली, मग पेनड्राइव्ह, आता तो टीव्हीला लावतात. नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरत येतात तो भाग त्या पाहत नाहीत. "ते का पाहाचं व, रोजच हाय घरी," असं त्या शेजारणीला म्हणाल्याचं मी ऐकलं आहे. त्यांना पंगत हवी असते. शूटिंगवाल्याने हॅलोजन तोंडावर मारून एकेकाला जेवताना टिपलं आहे. लोक डोळे बारीक करून, घास तोंडात तसाच ठेवून बसले आहेत. तिसऱ्या ओळीत वहिनींचे बाबा. ते दिव्याला हात आडवा धरतात आणि दुसऱ्या हाताने पत्रावळीवरची बुंदी भाताखाली सारतात, वाढप्याने पुन्हा वाढावी म्हणून. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी तेवढाच तुकडा मागे नेतात. बुंदी लपते, पुन्हा लपते, पुन्हा लपते, आणि वहिनी दर वेळी टीव्हीला दटावतात, "बाबा, शुगर हाय नं तुमाले!"

"अजी, तुमचा तो पार्वतीवाला नाही लावला आज?" असं त्या एके दिवशी विचारत्या झाल्या, कारण घरात शांतता होती. व्हिडिओ गेला होता. ज्या कुणी तो डोहाळजेवणाचा तुकडा चढवला होता त्याने काढला, किंवा काढायला लावला गेला. पडद्यावर नुसती काळी चौकट. भाऊ त्या दिवशी भात पुरता जेवला नाही. पुतण्या सुट्टीवर आला होता. त्याने दोन मिनिटांत तोच प्रसंग शोधून दिला, स्वच्छ, मोठा, रंग धुऊन काढल्यासारखे.

भाऊने तो बसून पूर्ण पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"हा नाही होय."

"काका, तोच सिनेमा आहे."

"पिक्चर तोच हाय. पण याच्यात बेर्डे बोलते तवाच आवाज येते. आमच्यात आवाज पयले ये, तोंड मंग हाले."

पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने रविवारचा अर्धा दिवस संगणकावर बसून आवाज चित्राच्या किंचित पुढे सरकवला, रंगही जरा विटवले. काकाने पाहिलं, दोनदा हसला, योग्य ठिकाणच्या जरा आधीच हसला. मग चष्मा लावून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"अन् इथं तो पिवळा शिक्का होता ना गा, चॅनलचा, त्यानं अशोक सराफचा कान झाकला जाये?"

पुतण्याची पुण्याची गाडी सोमवारी होती. ती त्याने बुधवारवर ढकलली.