थारकरांचं एकच काम

बंगळुरूतल्या मराठी माणसांत थारकर ही एक स्वतंत्र जमात आहे. दारावरची पाटी देशपांड्यांची असो, पाटलांची असो की बेळगावच्या कुणा देसायांची. गाडीचे मूळचे टायर उतरून त्या जागी ट्रॅक्टरच्या भाऊबंदांसारखे टायर चढले की माणूस थारकर झाला. गाडी थारच पाहिजे असंही नाही. जिप्सी चालते, गुरखा चालते, जिम्नी चालते, लष्कराच्या लिलावातली जुनी जीप तर पहिल्या पंगतीला. आडनाव तेच. तुमच्याही सोसायटीत एक आहेतच, म्हणून वर्णन लांबवत नाही. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र आणि अर्धं अंग गाडीखाली, अशा अवस्थेतल्या माणसाला "काय, झाली का गाडी?" असं विचारावं. आतून आवाज येतो, "झालीच! आता एवढं एकच काम राहिलंय." हे एकच काम गेली कित्येक वर्षं राहिलेलं आहे. दर महिन्याला ते वेगळं असतं, पण असतं एकच. सध्याचं काम म्हणजे ही गाडी रोजच्या वापराला आरामशीर करणं. माझं म्हणणं असं की हे काम कधीच पुरं होणार नाही, कारण ते उलट्या टोकाकडून चालू आहे. थारकर आराम बसवायला निघाले आहेत, आणि आराम तर त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवला आहे.

पुरावा गाड्यांच्याच इतिहासात आहे. 2010 साली आलेल्या पहिल्या थारला मागं पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, होते, वर कापडी छप्पर होतं आणि मागची मंडळी टमटममध्ये बसतात तशी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसत. 2020 मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या, कारखान्यातूनच पक्कं छप्पर मिळू लागलं, मागच्या सीटनं पुढं तोंड केलं. 2024 ला पाच दारांची रॉक्स आली आणि तिच्या वरच्या मॉडेलात सीटमधून पाठीला गार वारा लागण्याची सोय झाली. मारुतीकडं पाहा. 1985 ची जिप्सी शेवटपर्यंत चारही चाकांना पाटे बांधून जगली, आणि 2023 ची पाच दारांची जिम्नी कॉइल स्प्रिंगवर आली. म्हणजे दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून या रानदांडग्या गाडीला माणसांत आणलं. थारकरांनी ते सगळं एका शनिवार-रविवारात परत फिरवलं. गाडी उंच करायला दोन इंचांची लिफ्ट, 33 इंची टायर, पुढं लोखंडी बंपर, बंपरवर विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर जेरी कॅन आणि एक फावडं. (आउटर रिंग रोडवर फावडं कशासाठी, असा प्रश्न पडतो, पण तिथले काही पट्टे पाहिले की तो मागंही घ्यावासा वाटतो.) मग सोमवार उजाडला, ऑफिसला निघायची वेळ झाली, आणि पहिल्याच गतिरोधकावर डब्यातलं वरण बॅगेत सांडलं. तिथून आरामाचं काम निघालं.

चाक खड्ड्यात पडतं तेव्हा काय होतं ते जरा जवळून पाहू, कारण सगळा तंटा त्या क्षणभराचा आहे. पाटे एकमेकांवर घासत सरकतात. त्यांच्यातलं घर्षण मोडण्याइतका जोर येईपर्यंत ते जागचे हलत नाहीत, त्यामुळं मोठ्या खड्ड्यात ते वाकतात आणि बारीक खडबड मात्र जशीच्या तशी आसनापर्यंत पोचवतात. कॉइल स्प्रिंगला ही खोड नाही, पण लिफ्टसाठी घातलेल्या उंच स्प्रिंग बहुधा जास्त कडक असतात, कारण त्या बंपर, विंच आणि फावड्याचं ओझं धरून बनवलेल्या असतात. साध्या मोटारीचं धूड स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड हेलकावे घेतं आणि अंगाला ते पाळण्यासारखं वाटतं. माणसाचं धड सर्वांत जास्त वैतागतं ते सेकंदाला 4 ते 8 या पट्ट्यातल्या उभ्या धक्क्यांनी. कडक स्प्रिंग, कडक भिंतीचा टायर आणि खडबडीत डांबर यांची युती झाली की त्या पट्ट्यातला माल भरपूर मिळतो. त्यात चाक जड झालेलं. स्प्रिंगच्या वरचं वजन स्प्रिंग सांभाळते. खालचं वजन, म्हणजे टायर, रिम आणि ॲक्सल, खड्ड्यात आपटून वर येतं तेव्हा ते कुणाच्या बापाला ऐकत नाही. आणखी एक गंमत. 31 इंची टायरच्या जागी 33 इंची बसवला की चाकाचा प्रत्येक फेरा सुमारे साडेसहा टक्के जास्त अंतर कापतो, पण मीटरला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळं वेग कमी दिसतो, किलोमीटर कमी पडतात आणि थारकर टाकी भरून ॲव्हरेज काढतात तेव्हा ते आहे त्याहूनही वाईट निघतं. मग तेही एक काम राहतं.

यावर थारकरांचे उपाय काय? पार्सलं. जे. सी. रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांपासून शिवाजीनगरच्या गुजरी बाजारापर्यंत त्यांना सगळे नावानं ओळखतात. आधी जेलची गादी आली. ती सीटवर घातल्यावर डोकं छपराला लागू लागलं. मग दारांच्या आत चिकटवायच्या चांदीच्या वर्खासारख्या चटया आल्या. या चटया पत्र्याची थरथर छान मारतात, यात वाद नाही. पण टायरची घरघर पत्र्यातून कमी आणि दारांच्या फटींतून जास्त येते, तिला हवी जाड रबरी पट्टी. चटयांनी गाडीचं वजन वाढलं, घरघर राहिली. मग आले ॲडजस्टेबल शॉकॲब्सॉर्बर, बाजूला बटण असलेले, आठ खटक्यांचे. बंगळुरूचं सारं लोकजीवन 'स्वल्प ॲडजस्ट माडि' या तीन शब्दांवर उभं आहे, म्हणजे जरा सांभाळून घ्या. थारकरांनी तो मंत्र हजारो रुपये मोजून चाकाला बसवून घेतला. पण शॉकॲब्सॉर्बरचं काम हेलकावा थांबवण्याचं, कडक स्प्रिंग मऊ करण्याचं नव्हे. खटका कुठंही ठेवला तरी स्प्रिंग जेवढी कडक तेवढीच. तिसऱ्या खटक्यावर गाडी आपटते, पाचव्यावरही आपटते, आणि सातव्यावर थारकर म्हणतात, "आता बराच फरक आहे. एवढं एकच काम राहिलंय."

ज्यानं खरोखर फरक पडतो त्यातलं बहुतेक काम फुकट आहे, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. गाडी वजनदार म्हणून टायरांत ठासून हवा भरलेली असते. टायरवर खडूनं आडवी रेघ ओढावी, सपाट रस्त्यावर थोडं अंतर सरळ जावं आणि रेघ पाहावी. मध्येच पुसली गेली असेल तर हवा जास्त, कडांना पुसली असेल तर कमी, सगळीकडं सारखी पुसली असेल तर बरोबर. खर्च एक खडू. त्यानंतर टपावरचं कॅरिअर आणि पुढचं लोखंड उतरवावं, आणि ओझं गेलं म्हणजे त्या कडक स्प्रिंगचीही गरज गेली, तेव्हा मूळच्या परत चढवाव्यात. चिखलाचे टायर झिजले की पुढची खरेदी साध्या ऑल टेरेन टायरची करावी. एवढं केलं की गाडी निम्मी सुधारते. पण या उपायांचं कुठलंही पार्सल घरी येत नाही. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही होत नाही, खोका फोडता येत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकता येत नाही. 'आज मी हवा कमी केली' यावर किती अंगठे येणार?

थारकरांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचा पहिला मुद्दा असा की बंगळुरूचे रस्तेच ऑफ-रोड आहेत, मग गाडी ऑफ-रोडची नको का? ऐकायला बरं वाटतं. पण टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या 2024 च्या मोजणीत बंगळुरूच्या मध्य भागात 10 किलोमीटरला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागले, म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. (पुण्याला 33 मिनिटं 22 सेकंद. 48 सेकंदांसाठी कुणी गावाकडं बदली मागू नये.) या वेगाला लागतो तो मऊ टायर, हलकं चाक आणि लवकर दबणारी स्प्रिंग. 33 इंची टायर दगडावर चढण्यासाठी असतो. सिल्क बोर्डच्या चौकात पुढं दगड नसतो, रिक्षा असते. दुसरा मुद्दा सप्टेंबर 2022 चा. त्या पावसात बेळ्ळंदूर, सर्जापूर रोड, आउटर रिंग रोड पाण्याखाली गेले तेव्हा आमचीच गाडी चालली असती, असं ते छाती काढून सांगतात. त्या दिवसांत ज्यानं आयटीतल्या लोकांना प्रत्यक्ष ऑफिसला पोचवलं, तो ट्रॅक्टर होता. आणि ट्रॅक्टर हाच थारकरांविरुद्धचा माझा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलला स्प्रिंगच नसते, तो थेट सांगाड्याला जखडलेला असतो. म्हणून बनवणाऱ्यानं स्प्रिंग कुठं दिली? सीटखाली. त्यानं आधी विचार केला तो बसणाऱ्याचा. शेतकऱ्याला फोटो टाकायचा नव्हता, दिवसभर नांगरायचं होतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच बंदी घातली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर बोट ठेवून सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही. थारकर याला अन्याय मानतात. निकाल त्यांनी पाळला असता तर कंबरेचा पट्टा लागला नसता. त्यांच्या मणक्याची इतकी काळजी कुठल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरनंही घेतलेली नाही.

"मग दोन गाड्या ठेवा," हा शहाणपणाचा सल्ला देणाऱ्याला अपार्टमेंटमधलं पार्किंग माहीत नाही. एका घराला एक चौकोन, आणि त्या चौकोनात ही गाडी आरशांसकट कशीबशी मावते. तेव्हा आठवडाभराचं ऑफिस आणि कधीतरीची सकलेशपूरच्या डोंगरातली भटकंती एकाच गाडीनं करायची, ही थारकरांची अडचण खरी आहे. तिला हसता येत नाही. "छंदाला हिशोब नसतो" हेही मान्य. पण मग तक्रार छंदापुरती ठेवावी, आराम हा शब्द काढू नये. कारण आराम म्हटला की विचारावं लागतं, कुणाचा? चालवणारा दोन्ही ॲक्सलांच्या मधल्या भागात बसतो, त्याच्या हातात स्टिअरिंग असतं आणि खड्डा त्याला आधी दिसतो, त्यामुळं अंग आपोआप सावरतं. मागचा माणूस मागच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर बसतो, धरायला काही नसतं, आणि खड्डा त्याला कळतो तो थेट मणक्यातून. थारकर खटका फिरवतात, एक फेरी मारून येतात आणि "आता मस्त!" म्हणतात, ती फेरी नेहमी पुढच्या सीटवरून असते. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर थारकर कधीच बसलेले नाहीत.

आणि मागची सीट बहुतेक वेळा रिकामीच असते, इथं माझा आवाज जरा खाली येतो. मुलं मेट्रोनं जातात, वहिनी कॅब बोलावतात. इतकी वर्षं चाललेलं हे आरामाचं काम दुसऱ्या कुणासाठी असेल असं आपल्याला वाटत नाही. पण त्यांची डिकी एकदा उघडून पाहा. ओढायचा पट्टा, शॅकल, हवेचा पंप यांच्या शेजारी एक निळं प्लास्टिकचं स्टूल असतं. सांगली-मिरजेहून आई येते तेव्हा हे स्टूल दाराखाली ठेवावं लागतं. दोन इंचांची लिफ्ट आणि वाढलेला टायर मिळून पायरी इतकी वर गेली आहे की सत्तरीतला गुडघा तिथवर पोचत नाही. तीन दारांच्या गाडीत मागं जायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं, म्हणून आई पुढं बसते आणि वहिनी मागं. पहिल्या गतिरोधकावर आई काही बोलत नाही, वरचं हँडल दोन्ही हातांनी धरते. त्या रात्री थारकर नव्या स्प्रिंग शोधत जागे असतात. एरवीही रात्री दोनला होसूर रोडवर कुणाची गाडी चिखलात रुतली आणि ग्रुपवर निरोप आला, तर हाच माणूस चप्पल घालून निघतो, पट्टा लावतो, गाडी ओढून काढतो आणि पैसे म्हणून फक्त एक फिल्टर कॉफी घेतो. त्या एका रात्री त्यांच्या गाडीत काहीही जास्तीचं नसतं, फावडंसुद्धा नाही.

तेव्हा थारकर, एक विनंती. येत्या रविवारी किल्ली वहिनींच्या हातात द्या, सीट दुमडून मागं जा आणि सिल्क बोर्डपासून मराठहळ्ळीपर्यंत बसून या. हातात फोन नको, एक खडू असू द्या. परत आल्यावर कोणतं काम राहिलंय ते सांगा, आम्ही मुकाट्यानं ऐकू. विंच काढा, कॅरिअर काढा, गादी कुणाला तरी देऊन टाका. निळं स्टूल मात्र डिकीत राहू द्या. आई दिवाळीनंतर येणार आहेत.