जुनेराची वारस

पौडपासून ताम्हिणीच्या घाटापर्यंत मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही गावात उतरा, तुम्हाला नखशिखान्त न्याहाळणारी एक बाई भेटतेच. पाहुणा कोण, कुणाकडे आला, चहा घेणार का, हे सगळं नंतर. आधी तिची नजर तुमच्या अंगावरच्या कापडावर जाते, आणि नजरेमागोमाग हात. सदऱ्याची बाही किंवा साडीचा पदर चिमटीत धरून ती अंगठ्यानं दोनदा चोळते आणि मान हलवते. "सुती हाय. पर अजून दोन वर्सं जाईल." सुरात किंचित नाराजी असते. तिच्या मालकीची वस्तू तुम्ही अजून दोन वर्षं अडवून ठेवणार, याबद्दलची.

गाव तिला आत्या म्हणतं. माहेर गावातच आणि दिलीही गावातच, त्यामुळे ती अर्ध्या गावाची आत्या आणि उरलेल्या अर्ध्याची काकी. नातं कुठलंही लागो, वसुली तीच. आत्या गोधड्या शिवते. हा तिचा धंदा नाही, कारण मजुरीचा आकडा विचारला की ती "द्या काय द्यायचं ते" म्हणते आणि दिलेल्या पैशांकडे असं बघते की माणूस आपण होऊन आणखी एक नोट काढतो. छंदही नाही. एकदा कुणी तरी "छान छंद आहे हो तुमचा" म्हणालं, तर तिनं दोन दिवस सगळ्यांना विचारलं, "मी काय रिकामटेकडी वाटले का त्येला?"

गावातल्या प्रत्येक लुगड्याची नोंद तिच्या डोक्यात असते. वरच्या आळीतल्या थोरलीचं हिरवं इरकल कुणाच्या लग्नातलं, किती धुण्यांत रंग उतरला, खोच्याजवळ कुठं विरलंय, दंड कधी घातला, सगळं तोंडपाठ. तलाठ्याचा सातबारा चुकेल, आत्याची नोंद चुकणार नाही. कोणी म्हातारी आजारी पडली की आत्या पहिली भेटायला जाते. मनापासून जाते, पाय चेपते, डोळे पुसते, पेज भरवते. फक्त उठताना उशाच्या पातळाची घडी सारखी करून ठेवते, आणि ते घडी करणं जरा जास्त वेळ चालतं. म्हाताऱ्यांनाही हे ठाऊक असतं. त्यातली एक तर स्पष्टच म्हणाली, "माझं निळं तुला, पर शिवशील तेव्हा नातवाला घाल." ते झालंही तसंच. गावात मृत्युपत्रं लिहायची पद्धत नाही, पण वाटणी होऊन जाते.

जुनेर म्हणजे काहीही चालतं असा शहरी समज आहे. आत्याकडून मात्र अर्धं कापड परत येतं. फाटलेलं तिला नको असतं. झिजून, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, विरलेलं हवं. बाळंतपणातलं दुपटं तर नव्या कापडाचं ती शिवतच नाही, कोवळ्या अंगाला खळ टोचते म्हणून. हे तिला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे आणि यासाठी तिला कुठलं प्रमाणपत्र नको.

तिचा खरा शत्रू म्हणजे आहेराची साडी. लग्नात मानपानाला मिळते, चकचकीत असते, घामाला आत घेत नाही, सुई लागली की करकरते आणि मुख्य म्हणजे मरत नाही. एकीकडून दुसरीकडे फिरत राहते, पाच लग्नं बघते, पुन्हा पहिलीच्या घरी येते, तरी घडी तशीच. असल्या कापडाची वाट बघण्यात आपलं आयुष्य सरणार, हे आत्याला कळून चुकलंय. हिंजवडीत कामाला जाणारा पुतण्या (हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे पुण्याच्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं) कंपनीचे टी-शर्ट आणून टाकतो. ते बनेलच्या विणीचं कापड धावदोऱ्यात ताणतं आणि धुतल्यावर गोळा होतं. निवडणुकीनंतर घरोघरी उरलेली प्रचाराची उपरणीही तिच्याकडे येतात. तिनं कुठलाही पक्षभेद न करता ती सगळी एका गोधडीत आतल्या थराला घातली. दोन महिन्यांनी तक्रार आली की गोधडी आतल्या आत सरकते. आत्या म्हणाली, "सरकणारच. ती कंदी एका जागंला ऱ्हायल्यात?"

शिवण्याचा हंगाम ठरलेला. भात झोडून पेंढा रचला की अंगण मोकळं होतं आणि ऊन चांगलं असतं. पावसाळ्यात गोधडीचा विषय काढायचा नाही. ताम्हिणीच्या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की भिजलेली गोधडी चुलीवरच्या वलणीवर आठ-आठ दिवस धूर खाते आणि मग घरभर सगळ्यांच्या अंगाला एकच वास येतो. तर त्या मोकळ्या अंगणात आत्या शेणानं सारवते, खाली अखंड लुगड्याचं अस्तर पसरते, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवते. एखाद्या कोपऱ्यावर वरवंटा. मग आतले थर: परकर, धोतर, पोरांचे सदरे, बाह्या उसवून सपाट केलेले. हलकी हवी तर चार थर, थंडीची हवी तर सहा-सात. सगळ्यांत वर शोभेचे तुकडे, आणि इथं आत्या एकदम गप्प होते. लाल खणाचा चौकोन पिवळ्याशेजारी ठेवते, उठते, चार पावलं मागं जाते, कमरेवर हात ठेवून बघते, परत येऊन तो काढते. अर्धा तास हे चालतं. मध्येच कुणी "झालं का?" विचारलं तर उत्तर मिळत नाही. नंतर तिला विचारा की हा लाल इथंच का, तर म्हणेल, "आसाच पडला."

कच्चे टाके घालून थर धरले की कडेनं शिवणं सुरू. चौकटीत चौकट, बाहेरून आत. प्रत्येक फेरीआधी डावा तळवा कापडावरून फिरवून झोळ सपाट करायचा, नाहीतर शेवटी मधोमध उंचवटा येतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो जन्मभर टोचतो. मदतीला आलेल्या बायका चार बाजूंनी बसतात. टाका कुणाचा लांब, कुणाचा वाकडा, हे आत्या बघते आणि बोलत नाही. "चांगलं झालंय की गं," म्हणून चहा पाजून त्यांना घरी पाठवते. रात्री बल्बखाली बसून त्यांचे सगळे टाके उसवते आणि पुन्हा घालते. सकाळी त्याच बायका आपलं काम बघून खूश होतात.

तिची आजेसासू टाटांच्या धरणात बुडालेल्या गावातली. त्या धरणाविरुद्ध 1921 च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांना 'सेनापती' हे नाव तिथूनच चिकटलं. गाव पाण्याखाली गेलं, पाणी वीज करून मुंबईला गेलं, आणि आजेसासू जातं, देव आणि गोधडीचं गाठोडं घेऊन वरच्या अंगाला आली. ती गोधडी फाटल्यावर तिच्यावर नवं कापड चढवून दुसरी शिवली, ती फाटल्यावर तिसरी.

आता या कहाणीत बावधन-कोथरूडच्या बाई येतात. बाई कापडाची चित्रं करतात, म्हणजे आर्ट क्विल्ट. धरणाच्या पाण्याकाठी कुणाच्या तरी फार्महाऊसवर त्यांनी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं आणि आत्याला 'लोककलावंत' म्हणून बोलावलं. आत्या नवं पातळ नेसून गेली, कारण बोलावणं सन्मानाचं होतं, आणि पिशवीत एक गोधडी घेऊन गेली. टेबलावर हिरव्या चटया, गोल पात्याचे कटर, मापाच्या पारदर्शक पट्ट्या मांडल्या होत्या. बाईंनी लक्ष्मी रस्त्यावरून आणलेलं कोरं सुती कापड काढलं आणि सर्रकन त्याचे चौकोन पाडले. आत्या तोंडाला पदर लावून उभी राहिली. "कोरं हाय न्हवं?" "हो." "आन कापलं?" "हो, आता जोडायचं." बराच वेळ गेल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "पैका लई झाला की आसं व्हतं."

मग तिला बाईंचं एक काम हातात दिलं: डोंगर, पाणी, वर पांढरे बगळे. सगळ्यांना वाटलं ती चित्राबद्दल बोलेल. तिनं ते उलटं केलं. मागची बाजू बघितली, गाठी कुठं लपवल्यात ते बोटानं चाचपलं, मधल्या फायबरच्या थराला दाबून "ह्यात कापूस हाय का फेस?" विचारलं आणि निकाल दिला, "हात बरा हाय. पर ही पांघरून कुणी झोपलंय का अजून?" झोपलं नव्हतं. हिला भिंत मिळणार होती.

भिंतीची गोष्ट निघाली म्हणून बाईंनी मोबाइलवर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड नावाच्या खेड्याचे फोटो दाखवले. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशातल्या काळ्या बायका, शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या, आणि त्याच गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, टपालाच्या तिकिटांवरही आल्या. आत्याला न्यूयॉर्कशी कर्तव्य नव्हतं. तिनं एक फोटो बोटानं मोठा करायला लावला. मिसुरी पेटवे नावाच्या बाईनं 1942 मध्ये शिवलेली ती गोधडी, विटक्या निळ्या-करड्या पट्ट्यांची. आत्या ती वाचू लागली. "कामाची कापडं हाईत. गड्याची. उन्हात विटल्यात. मालक गेला का तिचा?"

बाई चपापल्या. खरंच गेला होता. नवरा वारल्यावर त्या मिसुरी पेटवेनं त्याच्याच कामाच्या कपड्यांची ती शिवली होती, त्याची आठवण पांघरायला. बाईंचा आवाज जड झाला. आत्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग कुणाच्या कापडाची शिवणार?" एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "टाका लांब हाय तिचा. घाईत आसंल. पोरं व्हती का बारकी?"

मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर पुस्तक केलंय, अमेरिकेत लिंकन गावी नुसत्या रजया-गोधड्यांचं संग्रहालय आहे, अशी बरीच माहिती बाईंनी दिली. संग्रहात घ्यायचं तर नोंद लागते, म्हणून त्यांनी वही उघडली आणि आत्यानं पिशवीतून आणलेल्या गोधडीचं वय विचारलं.

"वरची यंदाची," आत्या म्हणाली. "आतली सासूची. तिच्या आत काय हाय ते उसवल्याबिगर कळायचं न्हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, निदान कोपऱ्यात सही तरी हवी, कलावंताचं नाव टाक्यांनी घाला.

"माजं कशाला? माजं मला ठावं हाय. लग्नात भांडी देत्यात तवा नाव कुणाचं घालत्यात? ज्याची त्याला परत यावीत म्हणून घालत्यात. तुजं घाल. हरवली तर तुज्या घरी तरी येईल."

बाई म्हणाल्या, बरं, माझं घाला. नाव सांगितलं. पाच अक्षरी निघालं, त्यात दोन जोडाक्षरं. आत्यानं सुईत ओवलेला लाल दोरा उजेडात धरून मोजला.

"ह्याच्यापरास बारकं न्हाय का काय? घरात काय म्हनून हाक मारत्यात तुला?"